जुनं रीळ पावसाळ्यात का मरतं, आणि ते पुन्हा कसं उभं करावं

कोकणातल्या बऱ्याच घरांत एखादं जुनं समुद्री रीळ, म्हणजे मासे गरवायच्या गळाची दोरी गुंडाळायचं यंत्र, असतं. कुणाचे काका बोटीवर नोकरीला होते, कुणाचा मामा आखातात होता. तिकडून येताना आणलेलं, काळ्या बाजूंचं, मुठीजवळ चांदणीच्या आकाराची चकती असलेलं ते जड यंत्र पुढे माळ्यावर जातं आणि काही वर्षांनी फिरेनासं होतं. मग ‘खाऱ्या पाण्याने खाल्लं’ असं म्हणून त्याचा विषय संपतो. माझं म्हणणं असं की खाऱ्या पाण्यात ते फारसं खराब होतच नाही. ते खराब होतं घरात, मृग लागल्यापासून हस्त सरेपर्यंत. हे कारण नीट समजून घेतलं, तर अशी बहुतेक रिळं पुन्हा उभी करता येतात आणि मूळच्यापेक्षा चांगलीही करता येतात.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. खडपात उभं राहून गरवताना लाटेचे तुषार रिळात शिरतात, घरी आल्यावर पाणी सुकतं आणि क्षार आत राहतात. त्यांतला मोठा भाग आपलं नेहमीचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्री क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला तर 33 टक्के आर्द्रताही पुरते. जुलैमध्ये देवगडला किंवा हर्णैला हवा कित्येक दिवस 80-85 टक्क्यांच्या खाली येत नाही. म्हणजे बंद कपाटात, पावसाचा थेंबही न लागता, रिळाच्या आत चार महिने खारट पाण्याचा पातळ थर टिकून राहतो. पाण्यात पूर्ण बुडालेल्या धातूपेक्षा असा थर अंगावर असलेला धातू बऱ्याचदा लवकर गंजतो, कारण पातळ थरातून हवेतला ऑक्सिजन सहज आत पोहोचतो आणि गंजण्याची क्रिया चालू ठेवायला तो लागतोच.

त्यात रीळ हे एका धातूचं नसतं. उदाहरणादाखल पेन या अमेरिकन कंपनीची रिळं घेऊ. फिलाडेल्फियात 1932 साली ओटो हेन्झे यांनी ही कंपनी काढली आणि 1936 मध्ये त्यांचं ‘सिनेटर’ हे समुद्री रीळ बाजारात आलं. पुढे कित्येक दशकं त्याची मूळ रचना फारशी बदलली नाही, म्हणून त्याचे भाग आजही मिळतात. अशा रिळात क्रोमचा मुलामा दिलेलं पितळ, काशाचा किंवा पितळेचा गिअर, पोलादी स्प्रिंगा आणि स्क्रू असतात, नंतरच्या काळात अॅल्युमिनियमचा स्पूलही (दोरी गुंडाळायची चक्री) आला. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि दोघांवर मिळून खारं पाणी, म्हणजे बॅटरीच तयार झाली. तिच्यात जो धातू जास्त क्रियाशील तो झिजतो. खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम सगळ्यांत आधी जातं, मग साधं पोलाद, मग पितळ, आणि स्टेनलेस सर्वांत शेवटी.

इथे आकाराला फार महत्त्व आहे. मोठ्या पितळी सांगाड्यात छोटा पोलादी स्क्रू असेल, तर सगळा हल्ला त्या स्क्रूवर एकवटतो आणि तो पोकळ होतो. उलट अॅल्युमिनियमच्या बाजूत स्टेनलेसचा स्क्रू बसवला, तर स्क्रू चकचकीत राहतो आणि त्याच्या भोवतीचे आटे पांढऱ्या भुकटीत बदलतात. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, त्यामुळे स्क्रू आवळला जातो आणि कितीही जोर लावला तरी हलत नाही. पितळेवर गुलाबी-तांबूस डाग दिसले तर जास्त काळजी करावी. तिथलं जस्त निघून गेलेलं असतं आणि मागे तांब्याचा ठिसूळ, स्पंजासारखा सांगाडा उरलेला असतो. हिरवा कळंक साफ करता येतो, पण तांबूस पडलेला गिअर मी परत बसवणार नाही.

उघडताना घाई नको. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा आणि भाग निघाले त्याच क्रमाने जुन्या ताटात मांडावेत. स्क्रूच्या खाचेत अगदी घट्ट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्यावा, कारण खाच एकदा उडाली की काम दहापट वाढतं. अडलेल्या स्क्रूवर गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवावं. तरी हलला नाही तर सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर काही मिनिटं धरावं, गार होऊ द्यावं, पुन्हा तापवावं. एका अंश सेल्सियसला अॅल्युमिनियम दर मीटरमागे सुमारे 23 मायक्रोमीटर फुगतं आणि स्टेनलेस सुमारे 17. या फरकामुळे दोघांच्या मधल्या भुकटीची पकड तडकते. ज्योत मात्र कधीच वापरू नये. जुन्या रिळांच्या काळ्या बाजू बहुधा बेकेलाइटच्या किंवा तशाच प्लॅस्टिकच्या असतात. लिओ बेकलंड यांनी 1907 मध्ये शोधलेलं हे प्लॅस्टिक एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, जास्त तापलं तर जळतं आणि ठिसूळ होतं. त्यात केसाएवढी चीर दिसली तरी ती बाजू बदलावी.

सुकून घट्ट झालेलं ग्रीस रॉकेलने निघतं. नंतर साबणाचं कोमट पाणी. कळंकासाठी आपल्याकडची चिंच किंवा आमसुलाचं आगळ चालतं. त्यांतली आम्लं तांब्याचे हिरवे क्षार विरघळवतात. घरात पितळेची भांडी घासताना आपण चिंचेबरोबर मीठ घेतो, ते इथे अजिबात नको, कारण ज्या क्लोराइडला बाहेर काढायचंय तेच आपण पुन्हा आत घालू. अॅल्युमिनियमला आणि क्रोम सुटलेल्या भागांना आम्ल लावू नये. काम झालं की खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून शेवटी गोड्या पाण्याने धुवावं. किनाऱ्यालगतच्या विहिरी वैशाखात मचूळ होतात, त्या पाण्याने धुतलं तर क्षार पुन्हा जमतात. त्यापेक्षा पावसाचं धरून ठेवलेलं पाणी उत्तम.

आता ड्रॅगकडे वळू. रिळातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट हीच, आणि जुन्या रिळात सर्वांत मोठी सुधारणाही इथेच करता येते. मोठा मासा पळायला लागला की दोरी तुटण्याआधी स्पूल सरकावा, पण प्रतिकार करत सरकावा, यासाठी ड्रॅग असतो. मोठ्या गिअरच्या पोटात चकत्यांची थप्पी असते. एक धातूची चकती मुठीच्या दांड्याशी जखडलेली, दुसरी गिअरशी, आणि त्यांच्या मध्ये घर्षणाची चकती. चांदणी आवळली की थप्पी दाबली जाते. ही चांदणीची युक्ती विल्यम बोशेन या अमेरिकन हौशी मासेमाराच्या नावावर आहे. अशाच रिळावर त्याने 1913 मध्ये कॅलिफोर्नियाजवळ तलवार मासा पकडला होता.

घर्षणाबद्दल गिलोम आमाँताँ या फ्रेंच अभ्यासकाने 1699 मध्ये मांडलेला नियम आजही ऐकणाऱ्याला चकित करतो. घर्षणाचा जोर दाबावर अवलंबून असतो, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही. म्हणून चकती नुसती रुंद करून ड्रॅग वाढत नाही. तो वाढतो चार गोष्टींनी: दाब, चकतीच्या पदार्थाची घर्षणक्षमता, केंद्रापासूनचं सरासरी अंतर आणि घर्षणाच्या चकत्यांची संख्या. एकच दाब थप्पीतल्या प्रत्येक चकतीवर पूर्ण पडतो. तीन चकत्यांऐवजी पाच बसवल्या तर तेवढ्याच आवळण्यात ड्रॅग पाच-तृतीयांश होतो. सुधारित संचात पातळ चकत्या जास्त संख्येने घालतात त्या यासाठीच.

पण ड्रॅगचा कमाल आकडा मला दुय्यम वाटतो, खरी गोष्ट त्याच्या गुळगुळीतपणाची आहे. स्थिर वस्तू हलवायला लागणारा जोर ती सरकत ठेवायला लागणाऱ्या जोरापेक्षा बहुधा जास्त असतो. जुन्या रिळांतल्या चामड्याच्या चकत्या तेल आटलं की कडक होऊन धातूला चिकटतात. मासा पहिला हिसका देतो, चकती सुटत नाही, दोरीवर ताण चढत जातो, मग चकती एकदम सुटते आणि पुन्हा अडकते. दोरी तुटते ती अशाच वेळी. विणलेल्या कार्बन फायबरच्या चकत्यांना टेफ्लॉनयुक्त ग्रीसचा पातळ हात दिला की सुरुवातीचा आणि चालू ड्रॅग जवळजवळ सारखा होतो. जुन्या रिळातलं चामडं किंवा करडी चकती काढून कार्बन घालणं हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त फरक पाडणारा बदल आहे. जुन्या काही करड्या चकत्यांत अॅस्बेस्टॉस असे. त्या कोरड्या घासू नयेत, ओल्या करून पिशवीत बांधून टाकाव्यात.

कार्बनचं दुसरं बळ उष्णतेत दिसतं. समजा ड्रॅग 5 किलोवर, म्हणजे सुमारे 50 न्यूटनवर लावलाय आणि एखादी सुरमई 20 सेकंदांत 100 मीटर दोरी ओढून गेली. तेवढ्यात 5000 जूल ऊर्जा चकत्यांत जिरते, म्हणजे 250 वॅटचा दर. ही सगळी उष्णता 30 ग्रॅम पोलादी चकत्यांतच अडकून राहिली असती, तर त्यांचं तापमान 300 अंशांहून जास्त चढलं असतं. प्रत्यक्षात बरीच उष्णता गिअरकडे आणि दांड्याकडे वाहून जाते, तरी चामडं करपायला उरलेली पुरते.

त्यात आणखी एक भर पडते. चकत्यांचा प्रतिकार स्पूलच्या दांड्यापाशी तोच राहतो, पण दोरी निघत जाते तसा स्पूलवरच्या गुंडाळीचा व्यास कमी होतो आणि दोरीवरचा ताण त्याच प्रमाणात वाढतो. भरलेल्या स्पूलवर 5 किलो असलेला ड्रॅग गुंडाळीचा व्यास निम्मा झाल्यावर 10 किलो होतो. लांब पडलेल्या दोरीला पाणीही ओढतं, ते वेगळंच. म्हणून 15 किलोच्या दोरीला सुरुवातीचा ड्रॅग तिच्या ताकदीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त लावू नये, आणि मासा लांब गेल्यावर चांदणी आवळण्याचा मोह टाळावा.

आता जो जोर वाढवला तो कुठेतरी जाणारच. ड्रॅग दुप्पट केला की गिअर ज्यावर बसतो त्या पितळी नळीवर आणि मूठ उलट फिरू न देणाऱ्या खुंटीवर दुप्पट भार येतो. जुन्या नळीचे खाचेचे दाते मऊ असतात, ते गोल होतात आणि मूठ एकदम उलटी फिरून बोटांवर बसते. नवी नळी स्टेनलेसची घ्यावी, 316 जातीची मिळाली तर फारच चांगलं. तिच्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते क्लोराइडच्या टोचणीला जास्त टिकतं. पिनियन, म्हणजे मोठ्या गिअरला लागून फिरणारा छोटा गिअर, स्टेनलेसचा असला तर मोठा गिअर काशाचाच ठेवावा. स्टेनलेसवर स्टेनलेस भाराखाली घासलं की दोन्हींचे पृष्ठभाग एकमेकांना चिकटून ओरबाडले जातात. वेगळ्या धातूंमुळे जो त्रास मिठात होतो, त्याच वेगळेपणाचा गिअरला फायदा होतो, फक्त मध्ये ग्रीस भरपूर हवं. यापुढे जाऊन ड्रॅग वाढवत राहिलं तर सांगाड्याच्या दांड्या वाकतात आणि बेकेलाइट तडकतं. खडपावरून तांबोशी, गोबरा किंवा खाडीच्या तोंडाशी चोणक गरवायला 5-6 किलोचा गुळगुळीत ड्रॅग भरपूर होतो. त्याहून मोठा आकडा जुन्या सांगाड्यावर लादणं मला पटत नाही.

स्पूलचं काय? जुन्या प्लॅस्टिक स्पूलचा शत्रू तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, आहे. नायलॉन ताणलं की बरंच लांबतं. मोठ्या माशाशी झगडताना ते ताणलेल्या अवस्थेतच थरावर थर गुंडाळलं जातं, आणि आकसायला बघणाऱ्या शेकडो वेढ्यांचा दाब एकत्र होऊन स्पूल फुटतो. जुनी लिननची किंवा डॅक्रॉनची (पॉलिस्टरची) दोरी इतकी ताणत नव्हती, म्हणून त्या काळी हे स्पूल टिकले. त्यामुळे अॅल्युमिनियमचा स्पूल घ्यावा. पितळी स्पूलही फुटत नाही, पण पितळ त्याच्या तिप्पट जड. फेक संपली तरी तो फिरत राहतो आणि दोरीचा गुंता होतो. नव्या विणलेल्या पॉलिएथिलीन दोऱ्या जेमतेम ताणतात, म्हणजे हिसका झेलायचं सगळं काम ड्रॅगवर येतं. चामड्याच्या ड्रॅगवर अशी दोरी भरू नये. तिच्याखाली थोडं तंगूस भरावं, नाहीतर ती गुळगुळीत धातूवर सगळीच्या सगळी घसरत फिरते.

जोडताना प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना, बाजूंच्या आतल्या अंगाला आणि मुलाम्याखाली दडलेल्या कडांना सागरी ग्रीसचा पातळ थर द्यावा. जिथे ग्रीस आहे तिथे खारं पाणी टेकत नाही, आणि पाणी टेकलं नाही तर बॅटरी पूर्ण होत नाही. बेअरिंगवर ‘स्टेनलेस’ लिहिलेलं असलं तरी ते बहुधा 440सी जातीचं असतं. कडकपणासाठी त्यात कार्बन भरपूर असतो, तो क्रोमियमला बांधून ठेवतो, आणि म्हणून ते गंजतं. फेकायच्या रिळात त्याला पातळ तेल, बाकी ठिकाणी ग्रीस ठासून भरावं.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी पावसाळ्यात, साधारण जून-जुलैत बंद असते. होड्या वर घेऊन शाकारल्या जातात, घरात आगोटीचं सामान भरलं जातं, त्याच सुमारास रीळ उघडावं. धुतल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं. एरवी गरवून आल्यावर धुताना ड्रॅग आवळून हलकी धार सोडावी. पाइपचा जोराचा फवारा मीठ आणखी आत ढकलतो.

नारळी पौर्णिमेच्या आधी ड्रॅग मोजून घ्यावा. रीळ रॉडला लावून दोरीचं टोक ताणकाट्याला बांधावं आणि कुणाला तरी सावकाश चालत ओढायला सांगावं. स्पूल सुटतानाचा आकडा आणि चालत असतानाचा आकडा, दोन्ही बघावेत. फरक अर्ध्या किलोहून जास्त असेल तर चकत्या पुन्हा काढून पुसाव्यात, वाकलेली धातूची चकती बदलावी आणि ग्रीस नव्याने लावावं. मग तेच मोजमाप निम्म्या रिकाम्या स्पूलवर करावं आणि दोन्ही आकडे चिकटपट्टीवर लिहून रॉडच्या मुठीला लावावेत.