लेटरबॉक्सिंग

लेटरबॉक्सिंग : रानात किंवा डोंगरउतारावर लपवलेला छोटा डबा लेखी खुणांच्या आधारे पायी हिंडून शोधण्याचा छंद. डब्यात एक रबरी शिक्का आणि एक वही असते. शोधणारा त्यातला शिक्का स्वतःच्या वहीत उमटवून घेतो, आपला शिक्का डब्यातल्या वहीत उमटवतो आणि डबा होता तसा ठेवून परततो. मराठीत याला रूढ प्रतिशब्द नाही. शाळेच्या शिबिरातला ‘खजिना शोध’ त्यातल्या त्यात जवळचा. पण तो खेळ एक गट जिंकला की संपतो, हा डबा मात्र पुढच्या माणसासाठी जागेवरच राहतो.

उगम इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातील डार्टमूर या ओसाड, दलदलीच्या माळावरचा. चॅगफर्ड गावचा वाटाड्या जेम्स पेरट याने १८५४ साली क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. तिथवर पोचणाऱ्याने आपले नावाचे कार्ड तीत टाकून जावे, एवढीच कल्पना. (पूल म्हणजे तळे, प्रत्यक्षात तिथे पाणी नाही, आटलेला खळगा आहे.) पुढे लोक तिथे स्वतःच्या पत्त्याची पोस्टकार्डे ठेवू लागले आणि नंतर येणारा ती नेऊन टपालात टाकू लागला. ‘लेटरबॉक्स’ हे नाव त्यावरूनच आले. एप्रिल १९९८ मध्ये ‘स्मिथसोनियन’ मासिकात लेख आल्यावर हा छंद अमेरिकेत पसरला. मे २००० मध्ये सुरू झालेले जिओकॅशिंग याचे धाकटे भावंड. त्यात उपग्रहावरून मिळालेले अक्षांश-रेखांश थेट डब्याशी नेतात. लेटरबॉक्सिंगमध्ये वाक्य वाचावे लागते.

शिक्का बहुधा घरी कोरलेला असतो. मोठे खोडरबर आणि धारदार पाते एवढ्यावर काम भागते; चित्रकलेच्या तासाला बटाट्याचे नि भेंडीचे ठसे ज्यांनी काढले आहेत त्यांना वेगळे शिकायला नको. अक्षरे उलटी कोरायची, हे मात्र पहिल्या वेळी हमखास विसरते.

या छंदाचा जीव खुणांच्या मजकुरात आहे. डार्टमूरवर होकायंत्राचे अंश, दूरच्या खडकाळ सुळक्यांची नावे आणि पावलांची मोजणी यांवर तो बेततात. साताऱ्याच्या डोंगरात लिहिणाऱ्याच्या हाताशी याहून बारीक शब्द आहेत. सोंड वेगळी, घळ वेगळी, खिंड वेगळी. पाणंद म्हणजे नुसती वाट नव्हे आणि कासकडचा सडा म्हणजे कुठलाही माळ नव्हे. माण-खटावच्या उघड्या टेकड्यांवर समतल चर खणलेले आहेत. तिथे ‘खालून सातवा चर’ एवढे लिहिले तरी माणूस चुकत नाही. नमुन्यादाखल यवतेश्वरच्या बाजूची एक कल्पित खूण पाहा : ‘म्हसोबाकडे पाठ करून उगवतीला चाळीस पावले. मागे वळा. जांभळाच्या दोन बुंध्यांमधून सज्जनगड दिसला तर जागा बरोबर. डाव्या हाताच्या चपट्या दगडामागे बघा.’ पावले कोणाची, हा वाद यात अटळ आहे. म्हणून जाणते लोक पावलांवर भिस्त न ठेवता दोन ठळक खुणा एका रेषेत आणतात. कोड्यात लिहिण्याचा मोहही होतो. पण ज्याला फक्त लिहिणाराच हसेल असे कोडे रानात उन्हातान्हात कोणी सोडवत नाही.

ऋतूचा हिशेब इथे डार्टमूरपेक्षा कडक आहे. आषाढ-श्रावणात यवतेश्वरच्या पठारावर धुके उतरले की सज्जनगड काय, समोरचे जांभूळही दिसत नाही. पावसाळ्यानंतर गवत कमरेला लागते आणि चपटा दगड त्यात बुडून जातो. फाल्गुनापासून वणव्याची भीती. त्यात प्लास्टिकचा डबा वितळतो, शिवाय खुणेचे झुडूपही जळून जाते. स्टीलचा डबा आगीत टिकतो, पण झाकण घट्ट नसेल तर पावसात वहीला बुरशी धरते, आणि फट राहिली की वाळवी येते. कार्तिक ते माघ हा काळ त्यातल्या त्यात सोयीचा. दगडामागे हात घालण्याआधी काठीने ठोकून पाहणे बरे. विंचू आणि फुरसे यांनाही तीच जागा आवडते.

डबा कुठे ठेवू नये, हे ठरवणे सोपे आहे. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात आहे. तिथे खडकावर मातीचा पातळ थर आणि त्यावर फुले, म्हणजे वाट सोडून टाकलेले प्रत्येक पाऊल नुकसान करते. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. तिथे परवानगीशिवाय शिरताच येत नाही. सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर हे उजाड डोंगरावर माणसांनी झाडे लावून उभे केलेले, सुमारे ११ चौरस किलोमीटरचे अभयारण्य. हरणांच्या त्या रानात प्लास्टिक आणि शाई सोडून येणे वाईटच. मिरजेकडच्या दंडोबाच्या डोंगरावरही वनखात्याला विचारल्याशिवाय काही ठेवू नये. गडांचे तट, बुरूज, टाकी आणि देवराया पूर्ण वर्ज्य. उरतात ती मालकाची संमती असलेली शिवारातली झाडी, ओढ्याकाठच्या राया, शाळा-महाविद्यालयांच्या टेकड्या. नवख्यासाठी तेवढे पुष्कळ.

एक अडचण मात्र डार्टमूरला नाही, ती इकडचीच. दगडाआड दडवलेला डबा गुराख्याच्या नजरेस पडला की गुप्तधन, नाहीतर उतारा, अशी कुजबुज गावात सुरू होते. बसथांब्याजवळ असेल तर तो बेवारस वस्तू ठरून पोलिसांना फोन जातो. गुप्तधनाच्या संशयावरून आसपासची जमीन उकरली जाण्याचा धोका तर खराच. त्यामुळे डबा ठेवण्याआधी पोलीस पाटलांच्या कानावर घालणे आणि झाकणावर पक्क्या शाईने सरळ मराठीत लिहिणे शहाणपणाचे : ‘हा खेळाचा डबा आहे. आत वही आणि शिक्का. उघडून बघा, ठसा उमटवा, परत ठेवा.’