इलेक्ट्रिक गिटार बिघडते कुठे?

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज बिघडला की बहुतेक वादकांचा संशय आधी पिकअपवर जातो आणि नवा, महागडा पिकअप बसवण्याचे बेत सुरू होतात. प्रत्यक्षात पिकअप हा या वाद्याचा सर्वांत कमी कुरकुर करणारा भाग आहे. तारांखाली बसवलेले चुंबक आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली, सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेच्या काही हजार वेढ्यांचे वेटोळे, एवढीच त्याची रचना असते. त्यात हलणारे किंवा घासणारे काहीच नसते. पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात कंप पावते, त्यामुळे वेटोळ्यातून जाणाऱ्या बलरेषांची संख्या बदलते आणि मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे वेटोळ्यात क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. जॉर्ज बीचम यांनी घडवलेली आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्यासह १९३२ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आणलेली गिटार याच तत्त्वावर चालत असे आणि आजची गिटारही त्याच तत्त्वावर चालते. बिघडतात त्या दुसऱ्याच गोष्टी: ताणलेल्या तारा, तो ताण सोसणारे लाकूड आणि विद्युतजोडणीतील हलते सांधे. या तिन्हींची बरीचशी दुरुस्ती घरी करता येते, मात्र ती कोणत्या क्रमाने करायची हे ठाऊक असायला हवे.

सुरुवात तारांपासून करणे योग्य, कारण जुन्या तारांवर केलेली कोणतीही जुळवणी वाया जाते. तारेची वारंवारता तिची लांबी, तिच्यावरील ताण आणि दर एकक लांबीमागचे वस्तुमान या तीन गोष्टींवर ठरते. बोटांचा घाम आणि त्वचेचा तेलकटपणा जाड तारांच्या वेढ्यांमध्ये साचतो, तेव्हा वस्तुमान सगळीकडे सारखे राहत नाही. तार स्वतःशीच किंचित बेसूर होते आणि साचलेला मळ वरच्या हार्मोनिकांची, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या सूक्ष्म स्वरांची, ऊर्जा शोषून घेत असल्यामुळे तिचा आवाज मंद, बसका होतो. घामातील क्लोराइड पोलादाला गंज चढवतात, आणि पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता सतत ८० टक्क्यांच्या वर राहणाऱ्या मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या हवेत ही प्रक्रिया फार वेगाने होते. वादन संपल्यावर प्रत्येक तार कोरड्या सुती कापडाच्या चिमटीत धरून वरून आणि खालून पुसणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. तारा काढलेल्याच असतील तर फ्रेटबोर्ड, म्हणजे जिच्यावर बोटांनी तारा दाबतात ती लाकडी पट्टी, तोही पुसून घ्यावा. तो शिसवीचा असेल, आणि असंख्य गिटारींचा फ्रेटबोर्ड भारतीय शिसवीचाच असतो, तर वर्षातून एकदोनदा फ्रेटबोर्डसाठी मिळणाऱ्या तेलाचे चार थेंब चोळायला हरकत नाही. मेपलच्या पॉलिश केलेल्या फ्रेटबोर्डला मात्र तेलाची गरज नसते. फ्रेट, म्हणजे फ्रेटबोर्डवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, चमकवण्यासाठी बारीक स्टील वूल वापरणाऱ्यांनी आधी पिकअपवर कागदी टेप चिकटवावा, नाहीतर पोलादाचा भुगा चुंबकांना चिकटून बसतो आणि तो काढता काढता नाकी नऊ येतात.

नव्या तारा लावल्यावरही गिटार सुरात राहत नसेल तर खुंट्यांना दोष देण्याआधी नट तपासावा. नट म्हणजे फ्रेटबोर्डच्या वरच्या टोकाला असलेली हाडाची किंवा प्लास्टिकची खाचा पाडलेली पट्टी. खुंटी पिळताना तारेतून ‘टिंग’ असा बारीक आवाज आला, तर तार खाचेत अडकते आहे आणि ताण वाढत गेल्यावर एकदम सुटते आहे, असे समजावे. अडकलेल्या अवस्थेत नटच्या दोन्ही बाजूंचा ताण वेगवेगळा असतो, आणि वाजवताना तार ओढली गेली की तो एकसारखा होऊन स्वर घसरतो. हा फरक किती थोडा असतो ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. ०.०१० इंच जाडीच्या पहिल्या तारेवर साधारण सव्वासात किलो वजनाइतका ताण असतो. वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने ताण एका टक्क्याने, म्हणजे जेमतेम ७० ग्रॅमने, कमी झाला तरी स्वर साडेआठ सेंटांनी उतरतो. एका अर्धस्वराचे १०० सेंट मानले जातात, तेव्हा हा फरक सराव असलेल्या कानाला सहज खटकतो. उपाय साधा आहे: मऊ शिसाच्या पेन्सिलीचे टोक खाचेत फिरवावे. पेन्सिलीतील ग्रॅफाइटचे थर एकमेकांवरून सरकतात आणि तारेला वाट मिळते. तार खुंटीवर दोन-तीनच वेढे घेईल इतकीच ठेवावी आणि लावल्यावर हलक्या हाताने ओढून पुन्हा सुरात आणावी. सैल वेढे घट्ट होईपर्यंत ती उतरतच राहते.

यानंतर येतो नेक, म्हणजे गिटारचा गळा. नेहमीच्या जाडीच्या सहा तारा मिळून त्यावर सुमारे ४५ किलो वजनाइतकी ओढ लावतात आणि ती अहोरात्र चालू असते. या ओढीने गळा पुढे वाकतो. त्याला प्रतिकार करण्यासाठी त्याच्या आत ट्रस रॉड नावाची पोलादी सळई बसवलेली असते. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांनी १९२० च्या दशकात तिचे पेटंट घेतले आणि तेव्हापासून सडपातळ गळ्याच्या पोलादी तारांच्या गिटारी शक्य झाल्या. गळा अगदी सरळ असावा असा समज आहे, पण तो चुकीचा आहे. कंप पावणारी तार मध्यभागी सर्वांत जास्त झेपावते, म्हणून तिला जागा देणारा किंचित बाक गळ्याला हवाच असतो. तो मोजण्यासाठी तारच पट्टी म्हणून वापरता येते: तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबली की ती सरळ रेषेत येते, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तिच्याखाली राहणारी फट म्हणजे बाक. ही फट पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पहिल्या तारेच्या जाडीइतकी असली की पुरे.

फट जास्त असेल तर रॉडच्या टोकाचा आट्यांचा नट (वरची खाचांची पट्टी नव्हे) घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून घट्ट करावा, कमी असेल तर सैल करावा. परंतु एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नाही, आणि प्रत्येक वेळी तारा पुन्हा सुरात आणून मगच मोजमाप घ्यावे. लाकूड सावकाश सरकते, त्यामुळे अंतिम निकाल दुसऱ्या दिवशी पाहिलेला बरा. अमेरिकी बनावटीच्या गिटारींना बहुधा इंचातील ॲलन की (षटकोनी किल्ली) लागते आणि आशियाई बनावटीच्या गिटारींना मिलिमीटरमधील. ‘जवळपास बसते’ अशी की वापरल्याने नटचे कोपरे घासून गोल होतात आणि मग पाच मिनिटांच्या कामासाठी गळा उघडण्याची वेळ येते. जोर लावावा लागतो आहे असे वाटले की थांबावे.

गळ्याचा बाक ऋतूंप्रमाणे बदलतो. लाकूड आर्द्रता शोषते तेव्हा ते तंतूंच्या आडव्या दिशेने बरेच फुगते, उभ्या दिशेने मात्र जवळजवळ नाही. फ्रेटबोर्ड आणि मागचा गळा वेगवेगळ्या लाकडांचे असले तर दोन्ही सारखे फुगत नाहीत आणि गळा वाकतो. कोणत्या बाजूला आणि किती, हे त्या त्या लाकडावर अवलंबून असते. विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यांच्या कोरड्या हवेत उलट प्रकार घडतो: फ्रेटबोर्ड रुंदीत आकसतो, धातूचे फ्रेट मात्र तेवढेच राहतात, आणि त्यांची टोके हाताला टोचू लागतात. गिटारला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. पावसाळ्यात ती भिंतीवर टांगण्यापेक्षा केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पुड्या ओलसर झाल्या की बदलाव्यात. उन्हाळ्यात मात्र त्या आठवणीने काढून टाकाव्यात.

गळा स्थिरावल्यावरच तारांची उंची ठरवता येते, आणि इथेच क्रम चुकवणाऱ्यांची फसगत होते. तार फ्रेटवर घासून खरखर आली की लगेच ब्रिजवरील, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाच्या आधारावरील, सॅडल (तारांचे सरकते टेकू) उचलले जातात, दोष गळ्याच्या बाकात असूनही. खरखर पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर आधी बाक पाहावा. ती गळ्याच्या खालच्या टोकाला, बाराव्या फ्रेटच्या पुढे असेल तर सॅडलची उंची वाढवावी. बाराव्या फ्रेटवर तारेखाली दीड ते दोन मिलिमीटर अंतर बहुतेक हातांना सोयीचे वाटते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जी जवारी मोठ्या कौशल्याने साधतात, तीही तारेचा पृष्ठभागाशी होणारा निसटता स्पर्शच असते. तिथे त्यातून हार्मोनिक फुलतात म्हणून ती हवी असते, गिटारच्या फ्रेटवर मात्र तोच स्पर्श स्वर गिळतो. उंची ठरवतानाच पिकअपचे अंतरही पाहून घ्यावे. पिकअप तारांच्या फार जवळ आणला तर आवाज वाढतो खरा, पण चुंबक जाड तारांना ओढून त्यांचे कंपन बिघडवतात आणि वरच्या फ्रेटवर एकाच तारेतून दोन स्वर डुलत असल्यासारखे ऐकू येते. शेवटचा फ्रेट दाबल्यावर तार आणि पिकअप यांच्यात दोन ते तीन मिलिमीटर अंतर ठेवले की ही तक्रार सहसा मिटते, आणि त्यासाठी पिकअपच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

सर्वांत शेवटी इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवरचा स्वर सुरात आणणे. तार फ्रेटवर दाबताना ती किंचित ताणली जाते आणि स्वर चढतो. हा चढ भरून काढण्यासाठी प्रत्येक तारेची लांबी सॅडलच्या साहाय्याने थोडी वाढवलेली असते. बाराव्या फ्रेटवर बोट नुसते टेकवून काढलेला हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर एकसारखे दिसले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, म्हणजे गळ्यापासून दूर न्यावे; उतरा असेल तर पुढे आणावे. स्ट्रॅटोकास्टर गिटारसारख्या ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर सॅडल एक मिलिमीटर सरकवले की बाराव्या फ्रेटवर सुमारे पावणेतीन सेंटांचा फरक पडतो. यावरून आपल्याला किती सरकवायचे आहे याचा अंदाज आधीच बांधता येतो.

आता विद्युतजोडणीकडे वळू. नॉब फिरवताना खरखर येते, कारण नॉबखालच्या पॉटमध्ये (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बदलत्या रोधात) कार्बनच्या पट्टीवरून धातूची जीभ घासत फिरते आणि मध्ये धूळ साचली की संपर्क तुटत-जुळत राहतो. नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवला तर पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. नाही झाले तर पॉटच्या बाजूच्या फटीतून इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा फवारून तो पुन्हा फिरवावा. गंज सोडवण्याचे घरगुती स्प्रे इथे वापरू नयेत. त्यांचा तेलकट थर मागे राहतो आणि पुढे अधिक धूळ ओढून घेतो.

केबल हलवली की आवाज जातो-येतो, तेव्हा दुसरी केबल लावून पाहणे ही पहिली पायरी. दोष केबलचा नसेल तर तो जॅकमध्ये, म्हणजे गिटारवर केबल खुपसण्याच्या खोबणीत, असतो. ६.३५ मिलिमीटरचा हा जॅक एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन एक्सचेंजमधून आला आहे आणि अजून टिकून आहे, यातच त्याच्या साधेपणाचे रहस्य आहे. त्याचा बाहेरचा नट सैल झाला की आतला संपूर्ण जॅक गरगर फिरतो, त्याला जोडलेल्या वायरी पिळल्या जातात आणि शेवटी सोल्डरचा सांधा तुटतो. नट आवळताना जॅकची पट्टी काढून तो आतून धरावा. प्लगच्या टोकाला टेकणारी पितळी जीभ सैलावली असेल तर ती बोटाने जराशी आत वाकवावी.

पिकअपचा संशय फिटावा म्हणून एक चाचणी पुरेशी आहे. ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) हळू आवाजात ठेवून छोट्या स्क्रू ड्रायव्हरने प्रत्येक पिकअपच्या चुंबकावर अलगद टकटक केली की स्पष्ट ठोका ऐकू यायला हवा. मल्टिमीटर असल्यास व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे ठेवून केबलच्या मोकळ्या टोकावर रोध मोजावा: साध्या एका वेटोळ्याच्या पिकअपला तो बहुधा पाच ते आठ किलोओहम भरतो, हंबकर या दोन वेटोळ्यांच्या पिकअपला त्याहून जास्त. मीटरने काहीच दाखवले नाही, किंवा शेकडो किलोओहम, म्हणजे फक्त व्हॉल्यूम पॉटचा रोध दाखवला, तरच वेटोळे किंवा सांधा तुटला असे म्हणता येते.

गुणगुण हा वेगळा विषय आहे. भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्याने घरातील वायरिंग आणि ट्रान्सफॉर्मर त्या वारंवारतेचे क्षेत्र पसरवतात, आणि एका वेटोळ्याचा पिकअप ते निमूटपणे टिपतो. हंबकरमध्ये दोन वेटोळी विरुद्ध दिशांनी जोडलेली आणि त्यांचे चुंबकही उलटे असतात, त्यामुळे बाहेरची गुणगुण परस्परांना छेदते आणि तारेचा संकेत मात्र दुप्पट होतो. सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये गिब्सनसाठी ही युक्ती पेटंटसाठी दाखल केली. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर ब्रिजची अर्थ वायर शाबूत आहे, असे समजावे. फरक पडत नसेल तर ब्रिजखालची ती वायर सुटली आहे का, ते पाहावे.

तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र वाजवणे तत्काळ थांबवावे, कारण दोष गिटारचा नसून ॲम्पच्या किंवा घराच्या अर्थिंगचा असतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून लावण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते, आणि त्यात नेमकी जीव वाचवणारी वायरच तोडली जाते. स्कॉटिश गिटारवादक लेस हार्वी यांचा मे १९७२ मध्ये स्वान्सी येथे रंगमंचावर सदोष अर्थिंग असलेल्या मायक्रोफोनचा धक्का बसून मृत्यू झाला होता. ॲम्पचे आतले काम घरी करू नये. तो बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये घातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

कारागिराकडे न्यायची कामेही काही थोडी आहेत: झिजलेले फ्रेट समतल करणे, नटच्या खाचा कापणे (खाच एकदा जास्त खोल गेली की ती भरून काढणे किचकट असते) आणि तुटलेले वेटोळे नव्याने गुंडाळणे. पट्ट्याच्या बटणाचा स्क्रू सैल झाला म्हणून मात्र कोणाकडे जाण्याची गरज नाही. भोकात फेव्हिकॉल लावलेल्या दोन-तीन दातकोरण्या बसवून त्या वरून सपाट कापाव्यात, रात्रभर वाळू द्याव्यात आणि सकाळी स्क्रू पुन्हा पिळावा.