केंद्रकाची खोली कोणी मोजली? प्रोटॉन आणि हलक्या आयनांच्या प्रकीर्णनाची पार्श्वभूमी

सोन्याच्या पत्र्यावरून उलटे फिरलेले अल्फा कण आणि त्यातून 1911 मध्ये पुढे आलेले अणुकेंद्रक, हा भाग सर्वांच्या ओळखीचा आहे. पुढे सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून, ठरावीक ऊर्जेचे प्रोटॉन, ड्यूटेरॉन (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन) आणि अल्फा (दोन-दोन) मिळू लागले तसा प्रश्न बदलला. केंद्रकाची कड किती धूसर आहे, न्यूट्रॉन कुठवर पसरलेत, हे हवे होते.

1950च्या दशकात इलेक्ट्रॉन प्रकीर्णनाने (केंद्रकावर आदळून विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या मोजणीने) केंद्रकातल्या विद्युतभाराचा पसारा फार नेमका मोजला. पण इलेक्ट्रॉनला न्यूट्रॉन जवळजवळ जाणवत नाहीत. प्रोटॉनला जाणवतात, कारण तो प्रबल बलाने, म्हणजे केंद्रक बांधून ठेवणाऱ्या बलाने, प्रोटॉन-न्यूट्रॉन दोघांशीही भिडतो. मात्र हे बल इतके गुंतागुंतीचे आहे की कोणत्या कोनात किती कण विखुरले याच्या आलेखावरून रचना सांगायची तर मध्ये एखादे प्रतिमान घ्यावेच लागते.

ते प्रतिमान म्हणजे ऑप्टिकल पोटेन्शियल, केंद्रकाचा येणाऱ्या कणावरचा परिणाम सांगणारे गणिती सूत्र. नाव फसवे आहे, प्रकाशाशी नाते उपमेपुरतेच. धुरकट काचगोळ्यात प्रकाश थोडा वाकतो, थोडा शोषला जातो, तसे प्रोटॉनचे केंद्रकात होते. वाकण्यासाठी पोटेन्शियलचा वास्तव भाग, शोषणासाठी काल्पनिक भाग. 'शोषण' हाही घोळाचा शब्द. प्रोटॉन नाहीसा होतोच असे नाही. तो केंद्रकाला उत्तेजित करतो किंवा एखादा न्यूट्रॉन उडवतो, आणि स्थितिस्थापक प्रकीर्णनाच्या (केंद्रक जसेच्या तसे राहते अशा विखुरण्याच्या) हिशेबातून वजा होतो. कडेला हळूहळू उतरणारा पोटेन्शियलचा आकार 1954 मध्ये मांडला गेला. तो आजही वापरात आहे.

खरा वाद होता तो हे पोटेन्शियल एकच आहे का, याचा. कमी ऊर्जेच्या प्रोटॉनवरून पोटेन्शियलची खोली (म्हणजे त्याची ताकद) आणि त्रिज्येचा वर्ग यांचा गुणाकार तेवढा पक्का ठरतो. खोली वाढवून त्रिज्या बेताने घटवली तरी आलेख जवळपास तोच येतो. अल्फाचे त्याहून बिकट. तो पृष्ठभागापाशीच शोषला जातो, त्यामुळे आतली खोली एकमेकींपासून कितीतरी एमईव्हीने (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक) वेगळी धरली तरी मोजमाप सारखेच जुळायचे. त्या काळातले आकडे वाचताना कोणते पोटेन्शियल घेतले होते हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे. 1970च्या दशकात 100 एमईव्हीहून अधिक ऊर्जेचे अल्फा मोठ्या कोनांपर्यंत मोजले गेले. तिथे केंद्रकीय इंद्रधनुष्य दिसले: एका कोनापलीकडे चढउतार संपतात आणि आलेख सरळ घसरत जातो. खोलीचे बाकीचे पर्याय तिथेच बाद झाले.

त्याच दशकात अगदी लहान कोनांवरच्या अल्फा मोजमापांत केंद्रकाचे एकसंध फुगणे-आकसणे ओळखता आले. शिसे-208 मध्ये त्याची ऊर्जा 14 एमईव्हीच्या आसपास भरते, आणि केंद्रकीय द्रव्य किती दाबले जाते याचा अंदाज त्यावरून बांधतात.

शिशाच्या न्यूट्रॉन-सालीवर, म्हणजे न्यूट्रॉन प्रोटॉनांच्या किती पलीकडे पसरलेत यावर, मात्र अजून एकमत नाही. 295 एमईव्ही ध्रुवित (फिरकी एका दिशेने लावलेल्या) प्रोटॉनवरून 2010 मध्ये तिची जाडी सुमारे 0.21 फेम्टोमीटर (मीटरचा हजार-लाख-कोटीवा भाग) निघाली. 2021 मध्ये इलेक्ट्रॉनच्या क्षीण बलावर (विद्युतबलाहून वेगळे, मुख्यतः न्यूट्रॉनना जाणवणारे) आधारित मोजमापाने 0.28 दिले, अनिश्चितता 0.07. दुसरी पद्धत प्रतिमानावर कमी विसंबते, पण तिची त्रुटीपट्टी एवढी रुंद आहे की पहिला आकडा तिच्या कडेवर येतो.

अल्पायुषी केंद्रकांचे लक्ष्य बनवता येत नाही. म्हणून आता त्यांचाच झोत करून तो हायड्रोजनवर सोडतात, आणि उडालेला प्रोटॉन मोजतात. विश्लेषणात बहुधा स्थिर केंद्रकांवर बसवलेलेच पोटेन्शियल पुढे ताणले जाते.