तालुक्याचा ताबा, जिल्ह्याचा ताबा

"कोर्टानं लेकरू मलेच देलं," असं सांगत बाई तालुक्याहून माहेरी परतते. काही महिन्यांनी जिल्ह्याच्या कोर्टाची नोटीस येते: नवऱ्याने मुलाचा ताबा मागितला आहे. घरचे म्हणतात, निकाल तर लागला, आता कशाची पेशी? नोटीस पेटीत पडून राहते, आणि तिकडे एकतर्फी निकाल होऊन बसतो. यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत हा घोळ होतो, कारण दोन्ही कागदांवर शब्द एकच आहे, 'ताबा'.

तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटचा आदेश 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 21 खालचा. तो तात्पुरता ताबा आहे, हे कलमाच्या शब्दांतच आहे. त्याचा अर्ज एकटा चालत नाही. मारहाणीपासून संरक्षण, राहायला जागा, महिन्याचा खर्च यांसाठी कलम 12 चा जो अर्ज करायचा, त्यातच लेकराची मागणी घालायची. बाई माहेरी तात्पुरती राहत असली तरी तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज चालतो, सासरच्या तालुक्याला खेटे घालायची गरज नाही. पहिली पेशी साधारण तीन दिवसांत लागावी आणि 60 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. पण सुनावणी चालू असतानाही, कोणत्याही टप्प्यावर, लेकरू आईकडे देता येतं. मारणाऱ्याला या कलमाखाली ताबा मिळत नाही. त्याला मिळाली तर भेट मिळते.

आणि भेटीची बाब मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. भेटीने लेकराच्या हिताला धोका आहे असं मॅजिस्ट्रेटचं मत झालं, तर भेट नाकारलीच पाहिजे, असं कायद्यात स्पष्ट आहे. तरी अर्जात आईच्या जखमांवर पानभर मजकूर असतो अन् लेकरावर एक ओळ. "बायकोले मारलं, पोराले बोट नाही लावलं," हा बचाव म्हणूनच टिकतो. मला तो बिलकुल मान्य नाही. लेकरू त्याच खोलीत होतं. ते रात्री गोठ्यात जाऊन लपलं, अंथरुणात ओलं करायला लागलं, शाळेत जाईनासं झालं, हे तारीखवार लिहा. भेट द्यायचीच असेल तर घरी नको, कुठे आणि कोणासमोर ते आदेशात लिहून मागा.

जिल्ह्याचा अर्ज बहुधा 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखालचा असतो. तो सगळ्या धर्मांना लागू आहे. मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात तो चालतो. कुटुंब न्यायालय असेल तर तिथे. इथे प्रश्न आजच्या सुरक्षिततेपुरता नसतो. लेकराचं वय, आईबापाचं वागणं, लेकरू समजदार असेल तर त्याची इच्छा, असं सगळं तोलून मूल पुढे कोणाजवळ वाढावं ते ठरतं. हिंदूंना आणि बौद्धांनाही लागू असलेल्या 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं असं म्हटलंय. त्यातच बाप नैसर्गिक पालक म्हटला आहे, आणि नवऱ्याकडचे तेच वाक्य दाखवतात. पण मुलाचं हित सर्वात वर, हेही त्याच कायद्यात आहे.

मॅजिस्ट्रेटने जे पाहिलं ते जिल्ह्याच्या न्यायाधीशासमोर आपोआप जात नाही. तालुक्याच्या आदेशाची प्रमाणित नक्कल, संरक्षण अधिकाऱ्याचा (हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याचा) घटना अहवाल, दवाखान्याचे कागद स्वतः दाखल करावे लागतात.

गावात स्टँपवर फारकत लिहून "पोरगं बापाकडे" असं ठरवतात, त्याने कोर्टाचे हात बांधले जात नाहीत.

घोळ वाढवणारी आणखी एक गोष्ट. मॅजिस्ट्रेटच्या आदेशावरचं अपील 30 दिवसांत सत्र न्यायालयात जातं, आणि जिल्हा व सत्र न्यायालय बहुधा एकाच इमारतीत असतं. म्हणून पाकिटावरच्या गावाच्या नावावरून काही कळत नाही. आत कोणता कायदा, कोणतं कलम लिहिलंय ते वाचा. अपील असेल तर जुन्याच आदेशावर वाद आहे. 1890 चा कायदा असेल तर तो नवा खटला आहे, त्याला लेखी उत्तर द्यावंच लागतं. वकिलाच्या फीची चिंता असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन करायचा तर 15100.