दूरशिक्षण संस्थांतील कर्मचाऱ्यांचा ईमेल-वापर

दूरशिक्षण संस्थेचे मुख्यालय, विभागीय केंद्रे, अभ्यासकेंद्रे आणि विद्यार्थी एकमेकांपासून दूर असतात. त्यामुळे तिचे बहुतेक कामकाज लेखी पत्रव्यवहारावर चालते. टपालाचे बरेचसे काम आता ईमेलकडे आले आहे. तरीही एकाच संस्थेत कुणी दिवसभर ईमेलवर असतो, तर कुणी आठवड्यातून एकदा पेटी उघडतो.

या फरकाचा विचार करताना सहसा संशोधक फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ मधील तंत्रज्ञान-स्वीकार प्रारूपाचा, म्हणजे लोक नवे साधन का स्वीकारतात हे सांगणाऱ्या मांडणीचा, आधार घेतात. साधन कामाला येते असे वाटणे आणि ते वापरायला सोपे वाटणे, हे त्यातील दोन मुख्य घटक. यांपैकी उपयुक्ततेचा वापराशी असलेला संबंध डेव्हिस यांना अधिक बळकट आढळला. वेंकटेश व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये वरिष्ठ-सहकाऱ्यांचा प्रभाव आणि पूरक सुविधा हे घटकही विचारात घेतले.

प्रत्यक्षात निर्णायक ठरते ती ईमेलला मिळणारी कार्यालयीन मान्यता. ईमेलवर दिलेली मंजुरी ग्राह्य न धरता सहीचा कागद मागितला, तर कर्मचाऱ्याला तेच काम दोनदा करावे लागते. मग तो थेट कागदच पाठवतो. विभागप्रमुख स्वतः ईमेल वाचत नसतील, तर प्रशिक्षणाचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. अर्धवेळ संमंत्रकांना, म्हणजे अभ्यासकेंद्रावर विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांना, संस्थेचे ईमेल खाते अनेकदा मिळतच नाही किंवा नेमणूक संपताच ते बंद होते. त्यामुळे ते खासगी पत्ता वापरतात आणि विद्यार्थ्यांशी झालेला पत्रव्यवहार संस्थेच्या नोंदीबाहेर राहतो. ‘परीक्षा विभाग’ अशा पदनामाच्या सामाईक पेटीत पत्रव्यवहार टिकतो, पण उत्तर कोणी द्यायचे हे ठरवून दिलेले नसेल, तर प्रत्येकजण दुसऱ्याने दिले असेल असे धरून चालतो.

तांत्रिक अडचणी क्षुल्लक वाटतात, पण सवय त्याच मोडतात. जोडलेली फाइल पाठवताना तिचे सांकेतिक रूपांतर होऊन आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. संदेशाची मर्यादा २५ एमबी असेल, तर २० एमबीचा स्कॅन केलेला स्वाध्याय अडतो. पेटी भरली की येणारे संदेश परत जातात. ते पाठवणाऱ्याला कळते, पेटीच्या मालकाला कळेलच असे नाही. एकाच खात्यातून हजारो विद्यार्थ्यांना सूचना पाठवली, तर ती स्पॅममध्ये जाण्याचा धोका असतो. त्यासाठी वेगळी यादी-सेवा, म्हणजे मोठ्या यादीला एकाच वेळी ईमेल पाठवणारी सोय, लागते. युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर समोरच्या संगणकावर तो फाँट नसल्यास निरर्थक अक्षरांत दिसतो.

प्रवेश आणि निकालाच्या काळात तेच ते प्रश्न शेकड्यांनी येतात. विषयाच्या ओळीत नोंदणी क्रमांक सक्तीचा करणे, तयार उत्तरांचा संच ठेवणे आणि उत्तराची मुदत जाहीर करणे, एवढ्याने बराच भार हलका होतो. ही सोय नसली की कर्मचारी फोन किंवा मोबाइलवरील संदेश-गटांकडे वळतात. तिथे उत्तर लवकर मिळते. मात्र कर्मचाऱ्याची बदली झाली की जुना संवाद त्याच्याच मोबाइलमध्ये निघून जातो आणि नव्या माणसाला सगळी माहिती विद्यार्थ्याकडूनच पुन्हा मागवावी लागते.