टार्डिव्ह डिस्कायनेशिया

मनोविकृतिरोधक (अँटिसायकॉटिक) औषधे काही महिने किंवा काही वर्षे घेतल्यानंतर उद्भवणाऱ्या अनैच्छिक हालचालींचा विकार. ‘टार्डिव्ह’ म्हणजे उशिरा येणारा. जीभ तोंडात वळवळणे किंवा मध्येच बाहेर येणे, ओठ मुडपणे, तोंडात काही नसताना चघळल्यासारखा जबडा हलणे ही त्याची नेहमीची रूपे होत. बोटे, पावले, कंबर आणि क्वचित श्वसनाचे स्नायूही त्यात सापडतात. मन अस्वस्थ असले की हालचाली वाढतात, लक्ष देऊन त्या थोडा वेळ आवरता येतात आणि झोपेत थांबतात.

याच औषधांचे हालचालींवरील इतर दुष्परिणाम लवकर दिसतात. मान किंवा डोळे एका बाजूला ओढले जाणे (तीव्र डिस्टोनिया) बहुधा पहिल्या चार-पाच दिवसांतच होते. जागेवर बसवत नाही अशी तगमग (अकॅथिसिया) आणि कंपवातासारखी लक्षणे काही दिवसांत ते काही आठवड्यांत येतात. हा भेद पुस्तकी नाही. डिस्टोनिया व कंपवातासारख्या लक्षणांवर गुणकारी ठरणारी ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी औषधे टार्डिव्ह डिस्कायनेशियात निरुपयोगी ठरतात आणि पुष्कळदा तो वाढवतात. तरीही ‘हातपाय हलतात’ एवढ्या तक्रारीवर ती वर्षानुवर्षे चालू राहिलेली आढळतात.

प्रथम वर्णनाचा प्रश्न : क्लोरप्रोमाझिन या पहिल्या मनोविकृतिरोधक औषधाचा मनोविकारांवर वापर पॅरिसमध्ये १९५२ साली सुरू झाला. हे औषध घेणाऱ्यांच्या तोंडाभोवतीच्या हालचालींचे पहिले वर्णन सामान्यतः शोनेकर या जर्मन वैद्याच्या नावे (१९५७) नोंदवले जाते. फ्रान्समधील सिगवाल्ड व सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये अधिक तपशिलाने वर्णन केले, म्हणून काही लेखक मान त्यांना देतात. उरब्रांड व फाउरबी या डॅनिश वैद्यांनी १९६० साली बऱ्या होणाऱ्या आणि बऱ्या न होणाऱ्या डिस्कायनेशियावर निबंध लिहिला. त्यात क्लोरप्रोमाझिन व परफेनाझिन यांच्याबरोबर रिसर्पीन आणि विद्युत्‌झटक्यांचे उपचारही विचारात घेतले होते. आजचे नाव मात्र फाउरबी व सहकाऱ्यांच्या १९६४ च्या लेखातून रूढ झाले. अग्रक्रम वर्णनाला द्यायचा की नामकरणाला, एवढ्यावरच हा वाद उरतो.

त्याहून गंभीर वाद या हालचाली औषधाच्या की मूळ आजाराच्या, हा आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी अशी औषधे येण्याच्या कितीतरी आधी, आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात त्या विकाराच्या रुग्णांमध्ये चेहरा वेडावाकडा करणे, ओठांचे चाळे अशा हालचाली नोंदवल्या होत्या. ओवेन्स, जॉनस्टन व फ्रिथ यांच्या १९८२ च्या पाहणीत दीर्घकाळ रुग्णालयात असलेले, पण ही औषधे कधीच न घेतलेले ४७ रुग्ण होते आणि अनैच्छिक हालचाली त्यांच्यातही आढळल्या. चेन्नई परिसरात औषधाविना राहिलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा कलही तोच आहे. यावरून औषध निर्दोष ठरते असे मात्र नाही. आजाराने तयार केलेल्या जमिनीत औषध हालचालींचे प्रमाण व तीव्रता वाढवते, हे मत उपलब्ध पुराव्याला अधिक जुळते. मनोविकार नसलेल्या, केवळ मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड घेणाऱ्या व्यक्तींनाही हा विकार होतो, ही बाब औषधाचा वाटा स्पष्ट करते.

कारणमीमांसा : मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाचे डी-२ ग्राहक (ते रसायन ज्यांना चिकटते ती प्रथिने) औषधाने दीर्घकाळ अडवले गेले की ते अतिसंवेदनशील होतात, ही उपपत्ती १९७० च्या दशकापासून प्रचलित आहे. औषधाचा डोस कमी केला की हालचाली वाढतात आणि वाढवला की काही काळ झाकल्या जातात, याचा उलगडा तिने होतो. सर्वांना सारखेच औषध देऊनही काहींनाच विकार का होतो आणि औषध बंद केल्यावरही तो वर्षानुवर्षे का टिकतो, याचा उलगडा तिने होत नाही. ऑक्सिडीकरणामुळे चेतापेशींना इजा होते, या दुसऱ्या उपपत्तीवरून ई जीवनसत्त्वाचा प्रयोग झाला. सुरुवातीच्या लहान चाचण्या आशादायक होत्या, परंतु १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत लाभ दिसला नाही.

जुन्या पिढीच्या औषधांवर प्रौढांमध्ये दरवर्षी सुमारे ५ टक्के रुग्णांना हा विकार नव्याने होतो, असा अंदाज सर्वमान्य आहे. वृद्धांमध्ये हे प्रमाण कित्येक पटींनी जास्त असते. नव्या पिढीच्या औषधांनी धोका घटला, संपला नाही.

तपासणी : १९७६ पासून वापरात असलेल्या ‘एम्स’ (अ‍ॅबनॉर्मल इनव्हॉलंटरी मूव्हमेंट स्केल) या अनैच्छिक हालचालींच्या मोजपट्टीत प्रत्येक भागातील हालचालींना ० ते ४ गुण देतात. तोंडात च्युइंगम असल्यास काढायला सांगतात, कवळी नीट बसते का ते विचारतात, कारण सैल कवळीनेही जबडा हलत राहतो. मग हात गुडघ्यांवर ठेवून बसवतात, तोंड उघडून जीभ आत स्थिर ठेवायला सांगतात. पुढची पायरी साधी दिसते, पण नेमकी आहे : अंगठ्याने त्याच हाताच्या एकेका बोटाला भराभर टेकायला लावतात आणि नजर मात्र चेहऱ्यावर व पायांवर ठेवतात. लक्ष बोटांत गुंतले की आवरून धरलेली जीभ हलू लागते.

विकारासह जगणे : पुष्कळ रुग्णांना आपली जीभ हलते याची जाणीवच नसते. आधी लक्षात येते ते घरच्यांच्या. त्यांनी काही क्षणांचे चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे, कारण तपासणीच्या खोलीत हालचाली दबलेल्या असू शकतात. ‘ते थांबव’ असे वारंवार बजावल्याने ताण वाढतो आणि ताणाबरोबर हालचालीही. ज्यांना जाणीव असते ते चारचौघांत जेवणे, बोलणे टाळू लागतात. ही माघार स्नायूंच्या हालचालींपेक्षा जास्त त्रासदायक ठरू शकते, पण गुणपत्रकात ती क्वचितच उमटते.

लहान घास, सावकाश जेवण, जेवताना ताठ बसणे यांनी ठसका कमी लागतो. वारंवार ठसका लागत असेल किंवा वजन घटत असेल तर वाचा व गिळण्याच्या तज्ज्ञाचा सल्ला लागतो. काहींना साखरविरहित च्युइंगमने तोंडाचे चाळे झाकता येतात. जीभ-गाल चावले जात असल्यास दंतवैद्य संरक्षक पट्टी बसवून देतात. मनगटावर वजन बांधल्याने काहींच्या हाताला स्थैर्य येते. अशा उपायांचा पद्धतशीर अभ्यास फारच थोडा झाला आहे.

औषध स्वतःहून एकाएकी बंद करणे ही वारंवार घडणारी चूक आहे. तसे केल्यास झाकलेल्या हालचाली उफाळतात आणि मूळ आजारही उलटू शकतो. डोस घटवायचा, क्लोझापिनसारख्या कमी धोक्याच्या औषधाकडे वळायचे की आहे तेच चालू ठेवायचे, हा निर्णय मनोविकारतज्ज्ञाबरोबर घ्यावा लागतो.

औषधोपचार : व्हॅल्बेनाझिन (एप्रिल २०१७) आणि ड्युटेट्राबेनाझिन (ऑगस्ट २०१७) यांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या विकारासाठी मान्यता दिली. चेतापेशीत डोपामिनची साठवण करणाऱ्या वाहक प्रथिनाला ती अटकाव करतात. १९६० च्या निबंधात संशयितांच्या यादीत असलेले रिसर्पीनही मुळात याच वाहकावर काम करते. झोपाळूपणा, अकॅथिसिया, कंपवातासारखी लक्षणे हे या औषधांचे दुष्परिणाम आहेत. खिन्नतेचा पूर्वेतिहास असल्यास ड्युटेट्राबेनाझिन विशेष जपून देतात. लाभ औषध चालू असेपर्यंतच टिकतो. ते थांबवल्यावर हालचाली बहुधा काही आठवड्यांत परततात.