‘जिन’ या शब्दाची पार्श्वभूमी : खानदेशातील कापसाच्या संदर्भात

जळगाव, धरणगाव, पारोळा किंवा दोंडाईचा येथे ‘जिन’ म्हटले की कपाशीची सरकी आणि रुई वेगळी करणारा कारखाना समजला जातो. इंग्रजीत मात्र याच अक्षरांचे दोन स्वतंत्र शब्द आहेत आणि त्यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही.

त्यांतील मद्यवाचक ‘जिन’ तुलनेने अर्वाचीन आहे. ज्युनिपर या झुडपाच्या फळांचा स्वाद असलेल्या डच ‘येनेव्हर’ या मद्याचे नाव इंग्रजांनी आधी ‘जिनेव्हा’ असे केले आणि अठराव्या शतकाच्या आरंभी ते ‘जिन’ इतके आखूड झाले. नावातील सारखेपणामुळे स्वित्झर्लंडमधील शहराशी त्याचे नाते जोडले जाते. ते चुकीचे आहे. लंडनमधील या मद्याचा अतिरेक आवरण्यासाठी १७३६ आणि १७५१ मध्ये केलेले कायदे प्रसिद्ध आहेत.

कापसाचे ‘जिन’ याहून कितीतरी जुने आहे. उपजत बुद्धी, कल्पकता या अर्थाचा लॅटिन ‘इंजेनियम’ जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत उतरताना पुढचे अक्षर गळून ‘जिन’ उरले. ‘इंजिन’ आणि ‘इंजिनिअर’ हे त्याच घराण्यातले शब्द होत. मध्ययुगीन इंग्रजीत ‘जिन’ म्हणजे आधी युक्ती, मग कपट, मग पशुपक्षी धरण्याचा सापळा, आणि पुढे ओझे उचलण्याची तीन पायांची तिकाटणी किंवा खाणीतून माल वर काढणारा, घोड्यांनी फिरवायचा रहाट. दातेरी जबड्याच्या सापळ्याला इंग्लंडमध्ये विसाव्या शतकातही ‘जिन’ म्हणत असत, आणि त्याच्या वापरावर तेथे १९५८ मध्ये बंदी आली.

कापसाशी या शब्दाची गाठ कधी पडली, याचे उत्तर बहुतेक पुस्तके १७९४ असे देतात, कारण त्या वर्षी मार्चमध्ये एका अमेरिकन संशोधकाला सरकी काढण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. हे उत्तर अपुरे आहे, आणि खानदेशापुरते तर ते दिशाभूल करणारे आहे. त्या यंत्रात फिरत्या दंडगोलावरचे तारांचे दाते जाळीतून तंतू ओढून घेत आणि सरकी अलीकडे अडून राहत असे. तारांच्या जागी लवकरच वर्तुळाकार करवती आल्या. सरकीला घट्ट चिकटलेल्या आखूड धाग्याच्या अमेरिकन कापसाला ते मानवले आणि त्या देशाच्या दक्षिण भागात कापसाबरोबर गुलामगिरीचाही विस्तार झाला. परंतु सरकी काढण्याची रुळांची यंत्रे अमेरिकेतही त्याआधी वापरात होती आणि त्यांनाही ‘जिन’च म्हणत. एका प्रकारच्या यंत्राचे पेटंट हा साऱ्या जातीचा जन्म मानला गेला, इतकाच त्या सनावळीचा अर्थ आहे.

भारतात पाटीवर लोखंडी सळई फिरवून सरकी पुढे ढकलण्याची पद्धत फार जुनी आहे. खानदेशच्या सीमेला लागून असलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत असे साधन दिसते, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. त्यानंतरच्या चरकीत दोन रूळ मळसूत्री दात्यांनी एकमेकांत गुंतवलेले असत. ते उलटसुलट फिरत, तंतू त्यांच्या फटीतून पलीकडे जात आणि सरकी अलीकडे पडे. काम मंद चाले, पण धागा तुटत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कंपनी सरकारने करवतीची यंत्रे येथे रुजवण्याचा खटाटोप केला. तो मुख्यत्वे धारवाडकडे, जिथे अमेरिकन वाण लावले गेले होते, तिथे यशस्वी झाला. देशी आखूड धाग्याला करवत सोसत नसे. इकडे टिकले ते १८४० च्या अमेरिकन पेटंटाचे, चामड्याचा रूळ आणि पाते असलेले यंत्र, आणि त्यातूनच पुढे आलेले दुहेरी रुळांचे यंत्र आज खानदेशातल्या जिनिंगमध्ये चालते. म्हणजे नाव इंग्रजांचे आले, पण धागा न कापता रुळाने ओढून घेण्याचे तत्त्व चरकीचेच राहिले. ही गोष्ट आपल्याकडच्या लेखनातही क्वचितच नोंदली जाते, याची खंत वाटते.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) मुंबईच्या कापसाला आलेली तेजी आणि त्याच दशकात भुसावळपर्यंत पोहोचलेला लोहमार्ग यांनी वाफेवरच्या जिन-प्रेसना (प्रेस म्हणजे रुई दाबून गाठी बांधणारा कारखाना) येथे जागा करून दिली. भेसळीविरुद्ध मुंबई इलाख्याचा कायदा १८६३ मध्येच झाला होता. शब्दाच्या दृष्टीने निर्णायक ठरला तो १९२५ चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांविषयीचा कायदा. रुईच्या प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक असावा, हे त्याने बंधनकारक केले, आणि जिनिंग कारखान्याची व्याख्या वाफ, पाणी, वीज किंवा अन्य यांत्रिक शक्तीच्या वापरावर बेतली. देखरेखीसाठी ती सोयीची होती. मात्र हाताने फिरवायची चरकी त्या व्याख्येच्या बाहेर गेली, आणि मूळ अर्थाने तीही ‘जिन’ असूनही तिला कोणी तसे म्हणेनासे झाले.

१९७१ च्या कायद्यान्वये पुढच्या वर्षी राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हा खासगी जिन शासनासाठी ठरलेल्या दराने सरकी काढून देणारी प्रक्रियाशाळा बनली. या शतकाच्या पहिल्या दशकात व्यापार पुन्हा खुला होत गेला, तशी जिनिंग ही स्वतः माल घेणारी पेढीही झाली. आता ‘कापूस जिनिंगला टाकला’ या वाक्यात प्रक्रियेपेक्षा विक्रीचा अर्थ अधिक असतो, आणि रुईचा उतारा (कापसातून निघालेल्या रुईचे प्रमाण) किती पडला हा हिशेब शेतकऱ्याच्या दृष्टीआड जातो.

२००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यावर आणखी एक गुंता वाढला. एका डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ग्रीक धातूवरून घडवलेला ‘जीन’ हा आनुवंशिकतेचा शब्द बियाण्यांच्या चर्चेतून त्याच शिवारात आला. मराठीत त्यासाठी ‘जनुक’ हा चांगला शब्द आहे आणि तो वापरावा. कारण कारखान्याचे नावही अनेक पाट्यांवर दीर्घ ‘जी’नेच रंगवलेले असते, शिवाय घोड्याचे फारसी ‘जीन’ आणि जिनोआ शहराच्या नावावरून आलेले जीनचे कापड मराठीत आधीपासून आहेतच.